पेचकस लावून निवडलेली

मित्रांनो, मी एक जुनी बेस गिटार आहे आणि अंगाने बुटकी आहे. बुटकेपणाचं मी आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना हसायचं असेल ते आत्ताच हसून मोकळे होतील. माझ्या इतर बहिणी माझ्यापेक्षा चार-सहा इंच लांब असतात. त्यांची मान लांब, तारा लांब आणि ऐटही लांब. माझी मान आखूड. पोट म्हणाल तर माझंच जाड, आणि आवाजाचं तुम्ही पुढे ऐकालच.

तुमच्यापैकी काहींनी साधी गिटार पाहिली असेल. तिला सहा बारीक तारा असतात आणि ती सारखी बोलत असते. मला चारच तारा आहेत, पण चांगल्या जाडजूड. मी थोडं बोलते आणि खालच्या सुरात बोलते. गाणारा गातो, ढोलकीवाला वाजवतो, लोक त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवतात. माझ्याकडे कुणी बघत नाही. मी थांबले की मात्र सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं आणि कशामुळे ते कळत नाही. मला हे फार आवडतं, खोटं कशाला बोलू.

माझा जन्म कोलकात्यातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. मला घडवणारे मिस्त्री म्हातारे होते आणि काटकसरी होते. त्यांच्याकडे लाल लाकडाचा एक तुकडा उरला होता, लांबीला कमी पण जाडीला भरपूर. टाकवेना म्हणून त्यांनी त्याचं माझं धड केलं आणि त्या धडाला शोभेल अशी आखूड मान जोडली. तार आखूड असली की ती फार ताणून बांधावी लागत नाही. ती जरा सैल बसते, बोटाला मऊ लागते आणि तिचा आवाज गोल, भरलेला येतो. मिस्त्रींना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी माझी सगळ्यात जाड तार पहिल्यांदा छेडली तेव्हा शेजारच्या बाकावरचे दोघे कारागीर हातातलं काम थांबवून वळून पाहू लागले. मिस्त्रींनी त्या दिवशी मला दोनदा पॉलिश केलं.

तिथून मला खोक्यात घालून रेल्वेने दुर्गला पाठवलं. दुर्गच्या बाजारात सुखराम नावाच्या गृहस्थांचं वाद्यांचं दुकान होतं. त्यांनी मला भिंतीवर टांगलं आणि मी तिथे चार वर्षं टांगलेलीच राहिले. गिऱ्हाईक यायचं, सरळ माझ्या लांब बहिणींकडे जायचं. एखादा कॉलेजातला मुलगा मला बघून म्हणायचा, ये तो बच्चों का खिलौना है. सुखराम माणूस वाईट नव्हता. रोज सकाळी माझी धूळ झटकायचा. पण मला कुणाला काढून दाखवायचा नाही. चार वर्षांत मी एकदाही कुणाच्या मांडीवर बसले नाही, आणि खरं सांगते, शेवटी शेवटी मलाही वाटायला लागलं होतं की आपल्यात काहीतरी कमीच असणार.

आणि मग एका फेब्रुवारीत दीक्षा आली.

दीक्षा तेव्हा तेरा वर्षांची होती. भिलाईच्या सेक्टर दहामधल्या क्वार्टरमध्ये ती आजी, आजोबा आणि बाबांबरोबर राहायची. तिची आई शिक्षिका होती आणि नोकरीसाठी आठवडाभर राजनांदगावला असायची. आजोबांचं नाव बळीराम. ते तरुणपणी भंडाऱ्याहून पोलादाच्या कारखान्यात नोकरीला आले आणि जिथे तापलेल्या लोखंडाचे रूळ लाटतात त्या मिलमध्ये फिटर म्हणून निवृत्त झाले. सगळे त्यांना आबा म्हणायचे. नोकरीशिवाय आबांचा आणखी एक जीव की प्राण होता, तो म्हणजे भीमगीतं. दर चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, मैदानावर गायन पार्टीचा कार्यक्रम व्हायचा. ती पार्टी आबांनी आणि त्यांच्या दोन मित्रांनी उभी केली होती. आबा ढोलकी वाजवायचे आणि गायचेही.

पुढे वयाबरोबर आबांचे कान मंद झाले. कानात घालायचं यंत्र आणलं, पण ते शिट्टी मारायचं, म्हणून ते कपाटातल्या डबीत पडून राहिलं. सूर चुकायला लागला तसं आबांनी पार्टी सोडली. मग कार्यक्रमाला जाणंही सोडलं. जयंतीच्या दिवशी सकाळी ते पांढरे कपडे घालून विहारात वंदनेला जायचे, मात्र संध्याकाळी सगळं घर मैदानावर गेलं की एकटे व्हरांड्यात बसून राहायचे. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "मले तिथं काई आयकू येत नाही. सारे हासतात तवा हासाचं, टाया वाजवतात तवा वाजवाच्या. असा बसून काय करू?"

दीक्षाला याचं उत्तर शोधायचं होतं. त्या वर्षी पार्टीतला बेस वाजवणारा दादा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याची जागा रिकामी झाली. दीक्षा त्याच्याकडे दोन वर्षं शिकत होती. आबांना बासरी ऐकू येत नव्हती, कोरस ऐकू येत नव्हता, पण दादा घरी येऊन बेस वाजवायचा तेव्हा आबा मान वळवायचे. हे घरात फक्त दीक्षाच्या लक्षात आलं होतं. तिने मनाशी पक्कं केलं की या वर्षी बेस आपण वाजवायचा आणि आबांना मैदानावर बसवून ऐकवायचा.

अडचण एकच होती. दादाची गिटार लांब होती आणि दीक्षाचा हात लहान. मानेच्या टोकाच्या पहिल्या पट्टीपर्यंत तिची बोटं पोचायचीच नाहीत, शिकताना ती धडाजवळच्या पट्ट्यांवरच भागवायची. पार्टीचे प्रमुख शेषराव दुर्गजवळच्या बोरसीला राहायचे आणि रेल्वेत क्लार्क होते. त्यांनी साफ सांगितलं होतं की मार्चअखेर येऊन वाजवून दाखव. आवाज भरदार आला तर जागा तुझी, नाहीतर बेसचं काम की-बोर्डवर भागवू.

म्हणून त्या दिवशी दीक्षा, तिचे बाबा प्रफुल आणि आबा सुखरामच्या दुकानात आले. प्रफुल कारखान्यातल्या रेल्वेवर इंजिन चालवायचे आणि रात्रपाळी करून तसेच आले होते. त्यांनी मोबाइलवर बरंच वाचून ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं, घ्यायची तर पूर्ण लांबीची, हात काय, वाढेलच. सुखरामने दोन लांब गिटारी काढल्या. दीक्षाने एक मांडीवर घेतली आणि हात ताणला. ताणताना तिने खालचा ओठ दाताखाली धरला होता. मग तिने भिंतीकडे बघितलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

सुखराम हसला. त्याच्या छत्तीसगढीत म्हणाला, "ओमा दम नई हे, नोनी." म्हणजे हिच्यात दम नाही, पोरी. चार वर्षं माझी धूळ झटकणारा माणूस हे म्हणाला, मित्रांनो. मला फार लागलं.

तरीही त्याने मला काढलं. मी दीक्षाच्या मांडीवर बसले. तिचा डावा हात माझ्या मानेवरून पार टोकापर्यंत गेला आणि चारही बोटं आपापल्या जागी पडली. तिने माझी जाड तार छेडली. चार वर्षांनी कुणी तरी छेडली. मी मनापासून वाजले, पण रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता, दुकानात दुसरं कुणी तबला ठोकून बघत होतं, आणि प्रफुल साशंक. शेषरावांनी नाही म्हटलं तर? कार्यक्रमाला दीड महिना उरला होता. लांब घ्यावी तर हात पोचत नाही, आखूड घ्यावी तर दम नाही म्हणतात.

तोवर आबा स्टुलावर बसून होते. त्यांनी खांद्यावरच्या थैलीत हात घातला आणि एक लांबलचक स्क्रू ड्रायव्हर काढला. आमच्या भिलाईत त्याला सगळे पेचकस म्हणतात. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी आबा तो घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. मोठ्या यंत्राच्या पोटात बेअरिंग नीट फिरतंय की नाही, हे बाहेरून दिसत नाही. जुने फिटर पेचकसाचं टोक यंत्रावर टेकवतात, मूठ कानामागच्या हाडाला लावतात आणि आतलं सगळं ऐकतात. आबांनी तीस वर्षं हेच केलं होतं.

त्यांनी पहिल्या लांब गिटारीच्या लाकडावर टोक अलगद टेकवलं, मूठ कानामागे लावली आणि दीक्षाला वाजवायची खूण केली. थोडं ऐकून त्यांनी मान हलवली. दुसरीवर टोक ठेवताच म्हणाले, "हिचं काईतरी ढिलं आहे. मानेपाशी." सुखरामने बघितलं तर मानेचा एक स्क्रू खरोखरच सैल होता. सुखरामचं तोंड उघडंच राहिलं. प्रफुल दुसरीकडे बघून हसले.

मग माझी पाळी आली. ते थंड टोक माझ्या पोटाला लागलं आणि दीक्षाने तार छेडली. आबांनी डोळे मिटले. आवाज विरून गेला तरी ते तसेच. मग बोट वर करून म्हणाले, अजून एकदा. दीक्षाने पुन्हा वाजवलं. असं पाच-सहा वेळा झालं. तबला ठोकणारा माणूससुद्धा थांबून बघायला लागला. शेवटी आबांनी पेचकस खाली घेतला आणि प्रफुलना म्हणाले, "हे घे. हिचा आवाज पोटातून येते. नवीन बेरिंग असाच आवाज देते, गोल. लांबी काय पायतं?"

माझी निवड अशी झाली. मला लांबीने नाही, रंगाने नाही, एका कमी ऐकू येणाऱ्या माणसाने कानामागच्या हाडाने ऐकून निवडलं. त्या दिवसापासून मला माझ्या बुटकेपणाची लाज वाटलेली नाही.

सेक्टर दहामधले ते दिवस फार मजेचे होते. शाळेतून आली की दीक्षा मला घेऊन लाकडी दिवाणावर बसायची. आवाज मोठा करणारी माझी पेटी, म्हणजे अँप्लिफायर, दिवाणाला खेटून ठेवलेली असायची. दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला आबा. मी वाजले की दिवाण घुमायचा आणि तो घुमारा आबांच्या पाठीतून वर जायचा. शिवाय पेचकस होताच. जुन्या गाण्यांची चाल आबांना तोंडपाठ होती. ते दीक्षाच्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरायचे आणि ती चुकली की ठेका थांबवायचे. मैत्रिणींशी दिवसभर हिंदीत बोलणारी ती पोरगी आबांशी मात्र मराठीतच बोलायची, आणि हळूहळू त्या गाण्यांतले शब्द विचारायला लागली. आजी पंचफुलाबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या की तुमच्या त्या गिटारीनं माझ्या डब्यांची झाकणं वाजून राहिली. ओरडायच्या, पण डबे काही दुसरीकडे ठेवायच्या नाहीत.

मार्चच्या शेवटच्या रविवारी आम्ही बोरसीला गेलो. शेषरावांनी मला बघून विचारलं की ही पूर्ण वाढलेली आहे ना. पार्टीतले सगळे हसले. दीक्षाने पेटीचं बटण लावलं. पहिल्याच ठोक्याला टीपॉयवरचा चहाचा कप बशीत थरथरला. शेषरावांनी कप उचलून हातात धरला आणि पूर्ण गाणं होईपर्यंत चहा प्यायचं विसरले. मग म्हणाले, जागा तुझी. घरी येताना दीक्षाने मला स्कूटरवर मांडीत घट्ट धरलं होतं.

आता सगळं ठीक होतं. राहिला होता एकच प्रश्न, आबांचा. दीक्षा रोज विचारायची आणि आबा रोज नाही म्हणायचे. घरातलं वेगळं आणि मैदानावरचं वेगळं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आणि कार्यक्रमाला तीन दिवस असताना ते घडलं.

अकरा एप्रिलला सकाळी जोतिबांच्या जयंतीचा कार्यक्रम होता. घरातले सगळे तिकडे गेले आणि आबा माझ्याजवळ राहिले. एप्रिलचा उकाडा, दीक्षाच्या बोटांचा घाम, त्यामुळे माझ्या तारांवर बारीक तांबूस ठिपके आले होते. आबांच्या नजरेतून ते सुटले नाहीत. लोखंडावर गंज दिसला की तेल, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. त्यांनी कपाटातून लांब चोचीची तेलाची कुपी काढली. आधी माझ्या खुंट्यांना तेल दिलं. मग चारही तारांना, एकेक वेढा सोडवून बघावा इतक्या काळजीने, वरपासून खालपर्यंत तेल चोळलं. वर थोडं ग्रीसही लावलं. जास्तीचं फडक्याने टिपलं. इतक्या मायेने मला आजवर कुणी हाताळलं नव्हतं. मी ओरडून सांगणार होते की आबा, नको, पण गिटारीला स्वतःहून बोलता येत नाही.

जाड तार साधी नसते, मित्रांनो. आत एक तार आणि तिच्यावर दुसरीचे बारीक वेढे असतात. त्या वेढ्यांत तेल शिरलं की तार मुकी होते. दीक्षा घरी आली, तिने मला छेडलं आणि मी थप असा आवाज केला. पुन्हा थप. पेटी मोठी केली तर मोठा थप. माझा गोल, भरलेला आवाज कुठेच नव्हता.

दीक्षाने बोटं बघितली, ती काळी तेलकट झाली होती. तिला कळलं. तिने आबांकडे बघितलं. कुणी सांगेना म्हणून आबांनी पेचकस घेतला, माझ्या पोटाला लावला आणि वाजव म्हणाले. दीक्षा वाजवेना. तेव्हा त्यांनी स्वतःच्या बोटाने तार छेडली. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "म्याच मारली इले," इतकंच म्हणाले आणि व्हरांड्यात जाऊन बसले.

प्रफुलनी सुखरामला फोन लावला. आखूड गिटारीच्या तारा वेगळ्या असतात, त्या दुर्गमध्ये नव्हत्या, रायपूरलाही नव्हत्या. कोलकात्याहून यायला आठवडा लागला असता. लांब गिटारीच्या तारा माझ्या खुंट्यांवर नीट बसत नाहीत. शेषरावांना काय सांगायचं, हे ठरवायला सगळे बसले. दीक्षा रडत नव्हती, पण मला कुशीत घेऊन नुसती बसली होती आणि तिचा शर्ट तेलाने माखत होता.

पंचफुलाबाई भाजी निवडत हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी विचारलं की तार तुटली का. नाही. वाकली का. नाही. नुसतं तेलच लागलं ना? हो. "मंग एवढं तोंड पाडून काय बसले? तेलाचा डबा धुवाले मले कोणी शिकवाव लागते काय?" असं म्हणून त्यांनी गॅसवर मोठं पातेलं चढवलं.

आता तारा काढायच्या होत्या. प्रफुल उठले, तर दीक्षाने त्यांना थांबवलं. ती व्हरांड्यात गेली, आबांच्या समोर मला धरलं आणि त्यांच्या चांगल्या कानाजवळ वाकून म्हणाली, "आबा, तारा तुमीच काढा. दुसऱ्याच्या हातानं मी काढू देणार नाही." आबांनी चष्मा पुसला. फिटरने मोठं यंत्र खोलावं तशा त्यांनी माझ्या चारही तारा खोलल्या. वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीपाशी पेन्सिलीने आकडा लिहिला.

पंचफुलाबाईंनी उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकला आणि माझ्या तारा त्यात सोडल्या. पंधरा मिनिटं त्या पातेल्यात गोल गोल फिरत होत्या आणि वर तेलाचा तवंग येत होता. आजी झाऱ्याने तो काढत होत्या आणि म्हणत होत्या की एवढी वर्षं शेवया केल्या, पण इतक्या चिवट पहिल्यांदाच पाहिल्या. घरात पहिल्यांदा कुणी तरी हसलं. मी बिनतारांची दिवाणावर पडून होते, मला थोडं गारठल्यासारखं वाटत होतं, पण मीही हसत होते. मग तारा तीन पाण्यांनी धुतल्या आणि कपड्यांच्या दोरीवर एप्रिलच्या उन्हात वाळत घातल्या. अर्ध्या तासात खडखडीत वाळल्या.

आबांनी त्या पुन्हा चढवल्या. दीक्षाने सूर लावला आणि जाड तार छेडली. स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं वाजली. पंचफुलाबाई म्हणाल्या, आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी आपला पांढरा सदरा इस्त्रीला दिला. जयंतीच्या संध्याकाळसाठी दुसराही सदरा त्यात घाला, असं म्हणाले तेव्हा प्रफुलनी विचारलं की संध्याकाळी कुठे जायचं आहे. आबांनी ज्या आवाजात उत्तर दिलं तो कारखान्यातला आवाज होता. "मशीन दुरुस्त केली तं ट्रायल पायल्याबिगर फिटर घरी जात नाही. म्या बिघडवली, म्या जोडली. कार्यक्रमभर वाजते का नाही, पाहाले नको?" दीक्षाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. महिनाभर केलेल्या विनवण्यांनी जे झालं नाही, ते एका तेलाच्या कुपीने केलं.

चौदा एप्रिलच्या संध्याकाळी मैदान निळ्या पताकांनी भरलं होतं. पार मरोद्यापासूनचे लोक आले होते. एका बाजूला बुंदीची पाकिटं वाटली जात होती, पोरं धावत होती, जय भीम जय भीम चाललं होतं. आबांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली, पण शेषरावांनी त्यांना बघितलं, खाली उतरले, पाया पडले आणि हाताला धरून स्टेजवर घेऊन गेले. आबांनी बसायची जागा स्वतः निवडली, माझ्या पेटीच्या शेजारी. थैलीतून पेचकस काढला, टोक पेटीच्या लाकडावर टेकवलं, मूठ कानामागे लावली. पुढच्या रांगेतली पोरं खुसखुसली. आबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते कामावर होते.

आणि आम्ही सुरू केलं. मित्रांनो, मी आजवर खूप वाजले आहे, पण त्या संध्याकाळसारखी कधीच नाही. पंधरा जणांचा कोरस, दोन ढोलक्या, की-बोर्ड, आणि सगळ्यांच्या खाली मी. स्टेजच्या फळ्या माझ्याबरोबर घुमत होत्या. बुटकी म्हणून मी कुठेही दबले नाही. दीक्षा अधूनमधून आबांकडे बघायची. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. दुसऱ्या गाण्यात, तिसऱ्या कडव्याच्या आधी, ती अशीच बघत राहिली आणि आम्ही दोघी जरा मागे पडलो. लगेच सावरलो. शेषरावांच्या लक्षात आलं नाही, ढोलकीवाल्यांच्याही नाही. कोरस तर आपल्याच तालात होता.

कार्यक्रम संपला तशी लोकांनी दीक्षाला वेढा घातला. प्रत्येक जण म्हणत होता की काय वाजवलं पोरीने, काय आवाज आहे. शेषराव म्हणाले की एकही चूक नाही. पण दीक्षा कुणाचं ऐकतच नव्हती. मला गळ्यात घेऊन ती गर्दीतून वाट काढत आबांपाशी गेली आणि त्यांच्यासमोर बसली. तिला विचारायचं होतं, पण विचारायची भीती वाटत होती. आबा मान डोलवून चांगलं झालं म्हणाले असते, तर त्याचा काय अर्थ? न ऐकता तसं म्हणायची त्यांना सवयच होती.

आबांनी पेचकस थैलीत ठेवला. मग तिच्या गुडघ्यावर बोट ठेवून म्हणाले, "दुसऱ्या गाण्यात, तिसऱ्या कडव्याच्या आंधी, तू अर्धा ठोका मांगं राह्यली."

दीक्षाने मला बाजूला ठेवलं, आबांच्या गळ्यात पडली आणि मोठ्याने रडायला लागली. लोक म्हणाले, काय आबा, आजच्या दिवशी पोरीला रागावता. त्यांना काय माहीत. सगळ्या मैदानात तिची चूक ऐकणारा एकच माणूस होता, आणि तो आबा होते. मला इतका आनंद झाला होता की कुणी न छेडताच माझी जाड तार गुणगुणत होती.

याला आता बारा वर्षं झाली. मधली चार वर्षं दीक्षा शिकायला नागपूरला होती. तिथल्या हॉस्टेलवर माझी पेटी चालण्यासारखी नव्हती, म्हणून मी घरीच कपाटावर पिशवीत पडून राहिले. खोटं नाही सांगत, ती वर्षं जड गेली. पण दर रविवारी सकाळी पिशवीची चेन उघडायची. आबा मला खाली घ्यायचे, कोरड्या फडक्याने चारही तारा पुसायचे, पेचकस लावून एकेक तार छेडायचे आणि परत ठेवायचे. तेलाची कुपी पंचफुलाबाईंनी कुठे लपवली ती आजही कुणाला सापडलेली नाही.

आता दीक्षा दुर्गला रेल्वेत नोकरी करते, जयंतीला अजून मलाच घेते आणि शेजारच्या नऊ वर्षांच्या प्राचीला माझ्यावरच शिकवते. प्राचीची आई पहिल्या दिवशी म्हणाली होती की इतक्या छोट्या गिटारीत दम असतो का. आबांनी तिच्या हातात पेचकस दिला.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. वाद्य निवडाल तेव्हा त्याची लांबी बघू नका, ते मांडीवर घ्या आणि ऐका. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा, मायेनेसुद्धा तेल लावू नका. आणि तुमच्या घरात कुणाला कमी ऐकू येत असेल, तर त्यांना व्हरांड्यात एकटं ठेवून जाऊ नका. जवळ बसून वाजवा.

गेल्या रविवारी प्राचीने पहिल्यांदा एक पूर्ण गाणं न थांबता वाजवलं. आबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत, दिवाणाच्या त्याच टोकाला बसतात. गाणं संपल्यावर त्यांनी पेचकस खाली घेतला आणि बोट वर केलं. "अर्धा ठोका मांगं," ते म्हणाले. प्राचीचं तोंड एवढंसं झालं, डोळे भरून आले. दीक्षाने तिला जवळ ओढलं.

"अवं, रडते कावून?" ती म्हणाली. "आबाले तुह्यं आयकू आलं."

मग आम्ही तिघींनी तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं.